चाकाचा चातुर्मास : वाहन थांबवून ठेवण्याच्या विद्येचा इतिहास

१. वाहन चालवण्याचा इतिहास पुष्कळ लिहिला गेला आहे. वाहन थांबवून ठेवण्याचा क्वचितच. वास्तविक कित्येक महिने उभे राहिलेले वाहन पुन्हा धडपणे चालावे अशा रीतीने ठेवणे, ही एक स्वतंत्र विद्या आहे. युरोप-अमेरिकेत ती हिवाळ्याने शिकवली, महाराष्ट्रात पावसाळ्याने. हा धागा त्या दोन ऋतूंचा आणि १९४२ या सालाचा आहे.

२. सुरुवात पिंपळनेरपासून. पांझरेकाठचे, आज साक्री तालुक्यात असलेले हे गाव एके काळी स्वतःच तालुक्याचे नाव मिरवत होते. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये पिंपळनेर तालुक्याची नोंद स्वतंत्र आहे. पश्चिमेस सह्याद्रीच्या रांगा आणि त्यांपलीकडे गुजरात. या मुलखातला माल बैलगाडीने हले. आखाजीला शेतीचे नवे साल सुरू होई आणि मृगापर्यंत शेणखताच्या खेपा चालत. एकदा पाऊस लागला, की खानदेशची काळी जमीन चाक धरून ठेवी. मग जड वाहतुकीला विसावा.

३. हा विसावा बिनकामाचा नव्हता. गाडीच्या चाकात तुंबा, आरे आणि पुठ्ठे लाकडाचे. वरची धाव लोखंडाची. धाव तापवून चढवायची, म्हणजे निवताना ती लाकडाला आवळून बसते. उन्हाळ्यात लाकूड आटते आणि धाव सैल होते. म्हणून चाके पाण्यात भिजत घालतात. पावसाळ्यात संकट नेमके उलटे. चिखलात उभे राहिलेले चाक खालच्या अंगाने फुगते आणि कुजते. त्यामुळे जाणता शेतकरी गाडी छपराखाली घेई, आसाखाली ओंडके देऊन चाकांवरचा भार काढी आणि आसाला वंगण देई. ओल दूर, भार कमी, लोखंडावर तेल : सगळी विद्या या तीन गोष्टींत आली.

४. गावाचे हेच वेळापत्रक राज्याचेही होते. मराठी फौजा पावसाळ्यात छावणी करून राहत आणि दसऱ्याला सीमोल्लंघन करून मोहिमेवर निघत. आदल्या दिवशीच्या खंडेनवमीला शस्त्रांची पूजा होते. तिच्यात श्रद्धा आहेच. शिवाय व्यवहारही आहे. पूजेसाठी शस्त्र बाहेर काढावे लागते, गंज घासावा लागतो, पाते तपासावे लागते. चार महिने निजलेली सामग्री जागी करण्याची तिथीच पंचांगाने ठरवून दिली होती.

५. ही शिस्त मोडली तर काय होते, हे औरंगजेबाच्या फौजेने अनुभवले. जून १७०२ मध्ये विशाळगड हाती आल्यावर बादशाही लष्कर ऐन पावसात पन्हाळ्याकडे परत फिरले. अंतर सुमारे ३० मैल. ते काटायला महिन्याहून अधिक काळ लागला. ओढ्यांना पूर, वाटांवर चिखल, ओझ्याच्या जनावरांचे हाल. पावसाळ्यात चाक थांबवणे हा आळस नव्हे, हे सह्याद्रीने दाखवून दिले.

६. आता समुद्रापलीकडे. विसाव्या शतकाच्या आरंभी थंड देशांत मोटार हे बहुधा उन्हाळ्याचे वाहन होते. गाड्या उघड्या, रस्ते बर्फाने आणि चिखलाने भरलेले, इंजिन हाताने फिरवून सुरू करायचे आणि थंडीत तेल घट्ट झालेले. विजेचा स्टार्टर कॅडिलॅकने आणला तो १९१२ च्या गाड्यांत. तोवर अनेक मालक हिवाळ्याच्या तोंडी मोटार ठोकळ्यांवर चढवून ठेवीत.

७. त्यांचा मोठा शत्रू म्हणजे रेडिएटरमधले पाणी. पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि बिडाचे इंजिन तडकवते. म्हणून पाणी काढून टाकणे हा पहिला नियम झाला. पुढे पाण्यात ग्लायकॉल मिसळण्याची पद्धत आली. धुळ्याकडची थंडी झोंबते खरी. पण इथल्या मोटारीला गोठण्याचे भय नव्हते. इथे भय होते ते ओल, गंज, उंदीर आणि वाळवी यांचे.

८. पक्के रस्ते आणि पूल झाले तसतशी चाकाची सुटी आखडत गेली. मोटार पावसाळ्यातही धावू लागली आणि थांबवून ठेवण्याची विद्या मागे पडली. ती अचानक परत आणली दुसऱ्या महायुद्धाने. १९४१ मध्ये भारतात पेट्रोलवर नियंत्रण आले. १५ फेब्रुवारी १९४२ रोजी सिंगापूर पडले आणि मलायाचे रबर जपानच्या हाती गेले. मार्चमध्ये रंगून पडले, एप्रिलमध्ये ब्रह्मदेशातल्या तेलविहिरी माघार घेणाऱ्या इंग्रजांनीच निकामी केल्या. पेट्रोल आणि टायर, दोन्ही एकदम दुर्मीळ झाले.

९. बस आणि मालमोटारींना कोळशाच्या गॅसचे संच जोडले गेले. खासगी मालकापुढे बहुधा एकच वाट उरली : गाडी घरात उभी करणे. इंग्लंडमध्ये तर जुलै १९४२ पासून खासगी मोटारींचा साधा पेट्रोलवाटाच बंद झाला आणि असंख्य गाड्या विटांवर चढल्या. ही सुटी चार महिन्यांची नव्हती. ती केव्हा संपेल, हे कोणालाच ठाऊक नव्हते. चूक झाली तर नवा टायर मिळणार नव्हता.

१०. अशी मोटार ठेवण्याची रीत पुढीलप्रमाणे. जुने तेल काढून नवे भरणे. कारण वापरलेल्या तेलातली आम्ले उभ्या इंजिनाला आतून खातात. टाकी आणि कार्ब्युरेटर रिकामे करणे, नाहीतर पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट राळ उरते. स्पार्क प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून इंजिन हाताने फिरवणे. बॅटरी उतरवून अधूनमधून चार्ज करणे. हँडब्रेक सैल सोडणे. टायरवरचा भार ठोकळ्यांवर घेणे आणि रबर उन्हापासून जपणे. वर हवा खेळेल असे सुती कापड टाकणे.

११. ही यादी बैलगाडीशेजारी ठेवून पाहावी. आसाखालचे ओंडके इथे ठोकळे झाले, वंगणाच्या जागी इंजिन ऑइल आले, पडवीची जागा गॅरेजने घेतली. यंत्र नवे, विद्या तीच. बॅटरीपुरता काय तो नवा धडा होता. कारण ती उभ्या उभ्याही झिजते.

१२. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली, तेव्हा देशभरातली वाहने एका रात्रीत थांबली. तयारीला वेळ मिळाला नाही. महिन्यांनी किल्ली फिरवल्यावर कितीतरी गाड्यांतून नुसती टकटक ऐकू आली. बॅटरी केव्हाच मेली होती. चालवणे सगळ्यांना येत होते, थांबवून ठेवणे थोड्यांनाच.

१३. पिंपळनेरला आजही दसऱ्याच्या सुमारास ट्रॅक्टर, मोटारी आणि दुचाकी धुऊन झेंडूच्या माळा घातल्या जातात. माळ घालण्यापूर्वी गाडी एकदा चोहोबाजूंनी पाहिली जाते. टायरची हवा, तेलाची पातळी, उंदरांनी कुरतडलेली वायर त्याच वेळी नजरेस पडते. पावसाळा संपल्यावर चाक तपासूनच रस्त्यावर आणायचे, हा जुना नियम त्या माळेबरोबर टिकून आहे.