करवीरच्या मुलुखातील ख्रिस्ती कीर्तन

इ. स. 1852 च्या अखेरीस रेव्हरंड रॉयल गूल्ड वायल्डर हे अमेरिकन मिशनरी अहमदनगरच्या सहा वर्षांच्या वास्तव्याचा अनुभव गाठीशी बांधून कोल्हापुरात दाखल झाले, त्या वेळी गडकऱ्यांच्या 1844 च्या बंडाची आठवण लोकांच्या मनात ताजी होती, संस्थानचा बंदोबस्त इंग्रज पोलिटिकल सुपरिंटेंडेंटच्या हाती होता, आणि अंबाबाईच्या या क्षेत्रात परधर्माच्या उपदेशकाने बिऱ्हाड थाटावे ही गोष्ट शहरातील प्रतिष्ठितांना इतकी दुःसह वाटली, की त्यांना येथून घालवून द्यावे अशा आशयाचे अर्ज सरकारात गेले. अर्ज नामंजूर झाले आणि वायल्डर राहिले. पुढे अमेरिकन बोर्डाने हे ठाणे बंद केले, तेव्हा कोणत्याही मंडळाच्या आश्रयावाचून त्यांनी आपल्या हिमतीवर ते पुन्हा उभे केले, आणि 1870 मध्ये ते प्रेस्बिटेरियन मंडळाच्या स्वाधीन केले. ज्या संस्थानातून त्यांच्या हद्दपारीची मागणी झाली होती, त्याच संस्थानात राजर्षी शाहू महाराजांच्या अमदानीत, 1915 मध्ये, ख्रिस्ती विद्यार्थ्यांकरिता वसतिगृह निघाले. हा सर्व इतिहास मिशनच्या अहवालांतून आणि संस्थानच्या दप्तरातून वाचावयास मिळतो. परंतु येथील ख्रिस्ती मंडळीच्या गळ्यात काय होते, उपासनेला जमल्यावर ती काय गात असे, आणि ते गाणे तिने कोणाकडून घेतले, याची विचारपूस आपल्या इतिहासकारांनी फारशी केलेली नाही, आणि माझ्या मते या मंडळीच्या इतिहासाचा जीव नेमका तेथेच आहे.

वायल्डर ज्या अमेरिकन बोर्डाचे म्हणून प्रथम या देशात आले, ती न्यू इंग्लंडच्या प्युरिटन परंपरेतील संस्था होती, आणि त्या परंपरेतील उपासनेचे गाणे म्हणजे बेताच्या लयीचे, ठराविक कडव्यांचे, सर्वांनी उभे राहून एका स्वरात म्हणावयाचे स्तोत्र. अहमदनगरच्या हेन्री बॅलंटाइन यांनी अशी पुष्कळ गीते मराठीत रचली. त्यांची निष्ठा निःसंशय थोर होती, पण अडचण निष्ठेची नव्हती, छंदाची होती. इंग्रजी चाल शब्दांतील आघातावर उभी असते, मराठी पद्य लघुगुरूंवर आणि मात्रांवर चालते. त्यामुळे चालीने जेथे स्वर लांबवावा तेथे मराठीचे ऱ्हस्व अक्षर येई, आणि जेथे मराठी शब्द सहज विसावा घेई तेथे चाल पुढे धावत सुटे. जन्मभर ओवी आणि अभंग कानांवर पडलेल्या माणसाला असे गीत पाठ होई, परंतु दळताना किंवा मोटेवर ते ओठी येत नसे.

यावर उपाय होता, आणि तो मिशनच्या आवाराबाहेर, प्रत्येक गावच्या देवळात रोज रात्री उभा राहत होता. कीर्तन हा तो उपाय. परंतु तो स्वीकारणे सोपे नव्हते. टाळ आणि मृदंग यांचा नाद मूर्तिपूजेशी इतका निगडित आहे, की त्या नादासरशी नवदीक्षिताचे मन पुन्हा मागे वळेल, अशी धास्ती कित्येक मिशनऱ्यांना वाटे. आणि ज्यांनी आप्तेष्टांचा रोष पत्करून धर्मांतर केले होते, अशा काही देशी ख्रिस्ती लोकांनाही, जे सोडून आलो तेच मागच्या दाराने घरात येत आहे, असे वाटावे यात नवल नव्हते. बलुत्याच्या व्यवस्थेत हलगी आणि सनई हे मांगवाड्याचे वंशपरंपरागत काम होते. देवळापुढे वाजविणे हे ज्याचे कर्तव्य आणि उपजीविकाही होती, त्याने ख्रिस्ती झाल्यावर ते वाद्य हाती घ्यावे की खुंटीला टांगावे, हा केवळ कलेचा प्रश्न नव्हता, पोटाचाही होता. त्या मनुष्याची कुचंबणा मला कोणत्याही धर्मचर्चेपेक्षा अधिक बोलकी वाटते.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अहमदनगरास कृष्णराव रत्नाजी सांगळे यांच्यासारख्या कवि-कीर्तनकारांनी ही कोंडी फोडली. आणि पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक आले. 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेल्या या कोकणस्थ कवीने ख्रिस्ती भक्तीला अभंगाचे अंतःकरण दिले, आणि आयुष्याच्या अखेरीस, 1917 मध्ये, मिशनची नोकरी सोडून साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ उभारला. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या हातून अपुरे राहिले. 1919 मध्ये टिळक निवर्तल्यावर त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी ते काम शिरावर घेऊन तडीस नेले. कोल्हापूर, पन्हाळा, कोडोली, सांगली, मिरज या प्रेस्बिटेरियन ठाण्यांतील मंडळींपर्यंत ही गीते पोहोचली, आणि ‘उपासना संगीत’ या पुस्तकात इंग्रजी चालीची स्तोत्रे व देशी चालींची पदे अशी दोन्ही घराणी शेजारी शेजारी नांदू लागली. वस्तुतः हा मार्ग फार जुना होता. गोव्यात फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाने 1616 मध्येच सुमारे 11 हजार ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून प्रसिद्ध केले होते. अडीचशे वर्षांनंतर देशावरच्या प्रॉटेस्टंट मंडळीला तोच धडा नव्याने गिरवावा लागला.

ख्रिस्ती कीर्तनाचा घाट डोळ्यांपुढे आणावयाचा तर बायबलातील उधळ्या पुत्राचे आख्यान घ्यावे. कीर्तनकार मध्यभागी उभा, हाती चिपळ्या, मागे टाळकरी, एका बाजूस मृदंग किंवा तबला, दुसऱ्या बाजूस पेटी. आरंभी नमन पित्याला, पुत्राला आणि पवित्र आत्म्याला. पूर्वरंगात एखादे शास्त्रवचन घेऊन पापाचे आणि क्षमेचे निरूपण, त्यास दाखले मात्र शेताचे, सावकाराच्या खातेवहीचे, आटलेल्या विहिरीचे. आणि उत्तररंगात धाकटा मुलगा आपल्या वाटणीची मिळकत मागतो, परमुलखी उधळतो, डुकरे राखतो, शेवटी फाटक्या वस्त्रांनिशी बापाच्या घराकडे परततो, आणि बाप धावत त्याला सामोरा जातो. कोल्हापूरकडच्या श्रोत्याला हिस्सेवाटणी काय असते हे सांगावे लागत नाही. भावकीच्या तंट्यांत ज्याचे आयुष्य गेले, त्याला त्या बापाचे धावत सामोरे जाणे एका क्षणात उमगते. येथे मृदंग द्रुत लयीत चढतो, टाळकरी ध्रुपद उचलतात, आणि जे काम व्यासपीठावरील प्रवचनाला तासभर साधले नसते ते चार आवर्तनांत होऊन जाते.

ही देवघेव एकतर्फी नव्हती, हे येथे आवर्जून नमूद करावयास हवे. मृदंग देवळातून चर्चमध्ये गेला, तशी पेटी चर्चच्या वाटेने आपल्याकडे आली. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये आकारास आलेले हे वाद्य मिशनऱ्यांनी उपासनेसाठी हिंदुस्थानात आणले. येथील कारागिरांनी त्याला हाताच्या भात्याचे रूप दिले, आणि पाहता पाहता ते नाटकाच्या, भजनाच्या आणि कीर्तनाच्या बैठकीत मानाने बसले. कोल्हापूरकडच्या गोविंदराव टेंब्यांच्या बोटांखाली तर त्याला असे वैभव लाभले, की ते कधी परके होते यावर विश्वास बसू नये. तरीही 1940 मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीला आपल्या केंद्रांतून मज्जाव केला आणि तो तीस वर्षांवर टिकला. नादाला जात आणि धर्म चिकटविण्याची खोड सर्वांचीच आहे, ती एकट्या मिशनऱ्यांची म्हणता येणार नाही.

हाच तंटा आपल्या काळात सातासमुद्रापार पुन्हा उभा राहिला. अमेरिकेत विजेची गिटार आणि रॉकचा ठेका हे सैतानाचे वाद्यवादन, असे मानणारे धर्मोपदेशक पुष्कळ होते. तरी त्याच देशात मेटलकोअर या अत्यंत प्रखर, आरोळ्यांनी भरलेल्या संगीतप्रकारात ख्रिस्ती तरुणांचे ताफे निघाले. त्यांतील अंडरओथ हा फ्लॉरिडातील ताफा 1997 मध्ये स्थापन झाला. सॉलिड स्टेट या ध्वनिमुद्रण-संस्थेने त्याची गाणी प्रसिद्ध केली. 2006 मधील ‘डिफाइन द ग्रेट लाइन’ ही ध्वनिमुद्रिका त्या देशाच्या खपाच्या यादीत एकदम दुसऱ्या क्रमांकावर गेली. 2013 मध्ये ताफा विसर्जित झाला, काही वर्षांत पुन्हा जुळला, आणि 2018 च्या सुमारास त्यातील गायकवादकांनी आपला ताफा यापुढे ख्रिस्ती म्हणवून घेणार नाही असे जाहीर केले. नाद तोच राहिला, श्रद्धेचे नाते बदलले. नादाची भीती बाळगणाऱ्यांना यात आपल्या शंकेचा पुरावा दिसेल. मला तसे वाटत नाही. खाजगी श्रद्धा पुढे कोणत्या वळणाने जाईल याचा ठेका गिटारीकडे नसतो, आणि मृदंगाकडेही नव्हता. ज्या कंठाला आर्त ओरडून प्रार्थना करावीशी वाटली त्याला त्याच्या पिढीने जे वाद्य दिले ते त्याने उचलले, इतकेच.

शिवाय कोल्हापूरकराला प्रखर नादाचे वावडे असण्याचे कारण नाही. शाहू महाराजांनी 1912 मध्ये बांधविलेल्या खासबागेच्या मैदानात कुस्ती रंगात आली की हलगी, घुमके आणि कैताळ यांचा जो कडकडाट उठतो, तो वळवाच्या गारांसारखा अंगावर येतो, आणि त्या नादाने मल्लाच्या मनगटात बळ येते ही येथील माणसाची श्रद्धा आहे. आज कोल्हापुरातील ख्रिस्ती तरुण उपासनेत गिटार, कीबोर्ड आणि ड्रम घेऊन उभे राहतात, तेव्हा वडीलधारी मंडळी जी नाराजी व्यक्त करतात, तिच्यात त्यांच्या आज्यापणज्यांविरुद्ध झालेल्या तक्रारीचे शब्द जसेच्या तसे सापडतील. तरुणांना अडवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र त्यांच्या हाती जुने काहीच न ठेवता त्यांना नव्याकडे ढकलणे हा अपराध आहे, आणि तो आपण करीत आहोत. कीर्तनाला बसणारे टाळकरी मिळत नाहीत, पदांच्या चाली वृद्धांबरोबर जात आहेत. ‘उपासना संगीत’ शब्द राखील, चाल राखणार नाही.

म्हणून करवीरच्या मुलुखातील ख्रिस्ती कुटुंबांना माझी विनंती आहे, की आपल्या पेटाऱ्यांत आणि फडताळांत आख्यानांच्या व पदांच्या हस्तलिखित वह्या असतील तर त्या रद्दीत घालू नयेत. घरात ज्यांना चाली येतात त्यांचे गाणे, टाळ आणि ठेक्यासह, या नाताळापूर्वी ध्वनिमुद्रित करून घ्यावे. आणि त्याची एक प्रत शिवाजी विद्यापीठाच्या बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालयाकडे द्यावी.