मोड, डाख आणि सुटे भाग

मोडलेली वस्तू दुरुस्त करावी की नवी घ्यावी, हा प्रश्न आपल्या आजीला फारसा पडला नसावा. पितळेचे भांडे गळू लागले तर तांबट डाख लावून देई. कल्हई उडाली की कल्हईवाला भांडे तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्याने कथील फिरवी. अगदीच निकामी झालेले भांडे मोडीत जाई आणि वजनावर पैसे येत. फेकून देण्याची वेळच येत नसे.

खरा प्रश्न उभा राहिला तो स्वयंपाकघरात यंत्र आले तेव्हा. स्वीडनच्या लिंडक्विस्ट याने १८९२ साली वातीवाचून जळणारा दाबाचा स्टोव्ह काढला, तोच आपला प्रायमस. पंप मारला की टाकीतील रॉकेलवर हवेचा दाब पडतो, तापलेल्या बर्नरमध्ये त्याची वाफ होते आणि निपलच्या बारीक छिद्रातून बाहेर पडून ती निळी ज्योत देते. पंपाचा चामडी वॉशर सुकला, तेलाचे बोट लावा. छिद्र चोंदले, पिन घाला. पण पिन घालून घालून छिद्र मोठे झाले की ज्योत पिवळी पडून भांड्यांना काजळी धरे. तेथे नवे निपलच हवे. आणि टाकीचा सांधा गळू लागला की काटकसर पुरे! आत दाबाखालचे रॉकेल, शेजारी लुगड्याचा पदर. स्टोव्हच्या भडक्यात भाजलेल्या बायकांच्या बातम्या आपण थोड्या का वाचल्या? (ते सारेच अपघात नव्हते, हेही आपण जाणतो.) ‘डाख लावून चार दिवस ढकलू’ म्हणणारा गृहस्थ बहुधा त्या स्टोव्हपुढे बसत नसे.

मिक्सरची कथा मला विशेष आवडते. सीमेन्स कंपनीत काम करणारे सत्यप्रकाश माथूर यांच्या पत्नी माधुरीबाई यांचा ब्राउन बनावटीचा परदेशी मिक्सर बिघडला आणि तो येथे दुरुस्त होईना. तिकडच्या हलक्या कामासाठी केलेले ते यंत्र. भिजलेली उडीदडाळ आणि सुके खोबरे त्याला कोठून पेलणार? बाईंनी यजमानांना नवेच यंत्र करावयास लावले, आणि १९६३ साली जोरकस मोटरचा ‘सुमीत’ निघाला.

आजच्या मिक्सरातही आधी झिजतो तो भांडे व मोटर यांना जोडणारा कपलर. मोटरचे कार्बन ब्रशही झिजतात. दोन्ही बदलता येतात. वाइंडिंग जळले तर तांब्याची तार पुन्हा गुंडाळणारे कारागीरही आहेत. हे सामान मिळत असता मिक्सर भंगारात घालणे मला उधळपट्टी वाटते. मिळत नसेल तर हट्ट व्यर्थ. म्हणजे निर्णय आपण घेतो असे आपल्याला वाटते खरे, पण निम्मा तो कारखान्यातच झालेला असतो.

सरकारलाही हे उमगले असावे. २४ डिसेंबर २०२२ रोजी केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुरुस्तीच्या हक्कासाठी संकेतस्थळ उघडले. कंपन्यांनी दुरुस्तीची आणि सुट्या भागांची माहिती तेथे द्यावी, हा त्याचा हेतू. घरगुती उपकरणेही त्यात आहेत. आमच्या गल्लीतील कारागिराने मात्र परवाच एक विजेची किटली हाती घेऊन उलटसुलट पाहिली आणि तशीच परत दिली. तळाला एकही स्क्रू नव्हता.