दहा हजारांत दोन रुपये

१९५२ साली ऑटो स्ट्रुव्हने एक छोटासा लेख लिहिला. म्हणणं साधं होतं: गुरूएवढा ग्रह आपल्या ताऱ्याला अगदी खेटून फिरत असेल, तर तो आपल्याला सापडू शकतो. एक तर ताऱ्याच्या डगमगण्यातून, नाहीतर तो ताऱ्यासमोरून जाताना उजेड कमी होतो त्यातून. पण आपला गुरू फेरीला बारा वर्षं घेतो, तर इतरत्रही तसंच असणार असं धरून लोक चालले. १९९५ मध्ये मायोर आणि केलोझना सव्वाचार दिवसांत फेरी मारणारा ग्रह मिळाला. मधली ४३ वर्षं गेली ती गेली.

खरी मजा पुढे आहे. १९९९ मध्ये डेव्हिड शार्बोनो (तेव्हा विद्यार्थी!) आणि टिमथी ब्राऊन यांनी फक्त १० सेंटीमीटरच्या दुर्बिणीने एचडी २०९४५८ या ताऱ्याचा उजेड दीडेक टक्क्याने घटताना पकडला. ग्रह समोरून जात होता. मग डोकं असं चाललं: ग्रहाच्या कडेने ताऱ्याचा थोडा प्रकाश त्याच्या हवेतून गाळून येतो. त्या हवेत सोडियम असेल, तर एलईडीच्या आधी आपल्या रस्त्यांवर असायचा त्या पिवळ्या रंगात ग्रह किंचित मोठा दिसेल. हबलने चार वेळा बघितलं आणि २००१ मध्ये जाहीर झालं: सोडियम आहे! फरक किती? साधारण ०.०२ टक्के, म्हणजे दहा हजारांच्या बिलात दोन रुपये. परग्रहाच्या वातावरणाचा हा पहिला पुरावा. सोडियम अपेक्षेपेक्षा कमी भरलं, तर त्याचं खापर उंचावरच्या ढगांवर फुटलं.

आणि २०२० मध्ये नूरिया कासासायास-बारिस आणि मंडळींनी जमिनीवरच्या दुर्बिणींनी बारकाईने पाहून म्हटलं, सोडियम दिसत नाही. तारा स्वतः फिरतो, ग्रह त्याची आधी एक बाजू झाकतो मग दुसरी, त्यामुळे ताऱ्याच्याच सोडियमच्या रेषेचा आकार बदलतो आणि ग्रहाचा भास होतो. वाद झाला, व्हायलाच हवा. सोडियमच्या ठळक रेषा दोनच, लॉगमधल्या दोन ओळींवर मीही बग बंद करणार नाही :)

म्हणून मला केल्ट-९बी जास्त पटतो. दीड दिवसाची फेरी, दिवसाची बाजू ४००० अंश सेल्सिअसच्या वर, कित्येक ताऱ्यांपेक्षा तापलेली. तिथे २०१८ मध्ये लोखंडाची आणि टायटॅनियमची वाफ सापडली, आणि तीही शेकडो बारीक रेषांची बेरीज करून.