हाडवैद्याची पट्टी

राजगडावर जाण्यास वाटा अनेक आहेत. परंतु साठी ओलांडलेल्या माणसास तेथील लोक आपण होऊन जी वाट सुचवितात ती पालीची. भोर-वेल्ह्याकडील डोंगराळ मुलखांत गडाच्या पायथ्याशीं वसलेलें हें लहानसें गांव. गडाच्या पाली दरवाजास नांव पडलें तें याच्याचवरून. गडाचा जुना राजमार्ग हाच होय. पायऱ्या रुंद व खोदीव, दरवाजा प्रशस्त. अंबारीसह हत्ती आंत यावा म्हणून तो एवढा उंच ठेविला, असें सांगण्याचा प्रघात आहे. हत्तीचें कांहीं असो, उताराला लागलेल्या माणसास रुंद पायरीची किंमत लवकर कळते. चढतांना छाती भरून येते, पण घटकाभर बसलें कीं ती शांत होते. उतरतांना मात्र गुडघे बोलूं लागतात, आणि ते एकदां बोलूं लागले म्हणजे लवकर थांबत नाहींत. पायरी उतरतांना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या तिपटीहून अधिक भार येतो, असें हल्लींचे शास्त्रज्ञ मोजून सांगतात.

गेल्या पौषांत आम्ही तिघे याच वाटेनें उतरत असतां आमच्या एका स्नेह्याचा पाय मुरगळला व पालीस पोंचेपर्यंत गुडघा चांगलाच सुजला. ओसरीवर बसलेल्या एका वृद्ध गृहस्थांनीं तो निरखून पाहिला, बोटांनीं चाचपला आणि ते म्हणाले, "हाड शाबूत हाय, दादा. निरगुडीचा पाला गरम करून बांधा. पण लई आवळू नका." दुसऱ्या दिवशीं पुण्यास क्ष-किरणांचें चित्र काढलें तेव्हां हाड खरोखरच शाबूत निघालें. म्हाताऱ्यांच्या बोटांचें आम्हां सर्वांस कौतुक वाटलें. परंतु माझ्या मनांत घर करून राहिले ते त्यांचे शेवटचे शब्द. त्याचें कारण पुढें येईल.

राजगड हें सुमारें पंचवीस वर्षें शिवाजी महाराजांच्या राज्याचें मुख्य ठिकाण होतें. आग्र्याहून सुटल्यावर १६६६ मध्यें महाराज परतले ते येथेंच. राजधानी रायगडावर गेली ती त्यानंतर कांहीं वर्षांनीं. एवढ्या काळांत चुना, धान्य, दारूगोळा घेऊन या वाटांनीं चढणाऱ्या किती माणसांचे पाय निखळले असतील, किती पाथरवटांचे हात चिरडले असतील, याची गणती कोणी ठेविली नाहीं. आमच्या इतिहासाच्या साधनांत लढायांना जागा आहे, लढाईनंतरच्या दुखण्यांना फारशी नाहीं. सभासदाच्या बखरींत एक नोंद तेवढी सांपडते. अफझलखानाच्या प्रसंगानंतर जखमी लोकांस, जखम पाहून, २५ पासून २०० होनांपर्यंत द्रव्य दिलें गेलें असें तो सांगतो. जखमेची प्रतवारी लावणारा कोणी जाणता त्या वेळीं असलाच पाहिजे. पण जखमा बांधल्या कोणी व मोडलेलीं हाडें बसविलीं कोणी, हें सभासद सांगत नाहीं.

हें ज्ञान पोथी वाचणाऱ्या वैद्यांपेक्षां कारागिरांच्या हातांत अधिक होतें, असें मानण्यास मात्र चांगला आधार आहे. टिपूवरील १७९२ च्या मोहिमेंत इंग्रजांच्या चाकरीस असलेला कावसजी नांवाचा गाडीवान शत्रूच्या हातीं सांपडला व त्याचें नाक कापलें गेलें. पुढें पुण्याकडे विटा भाजण्याचा धंदा करणाऱ्या जातीच्या एका माणसानें कपाळाची कातडी वळवून त्याला नवें नाक बसविलें. लंडनच्या एका मासिकानें १७९४ च्या आक्टोबरांत ही हकीकत सचित्र छापली, आणि यूरोपांतील शस्त्रवैद्य तीवरून शिकले. कावसजीचें नांव जगभर झालें, नाक करणाराचें नांव कोणी लिहून ठेविलें नाहीं. हाड बसविणाऱ्यांचीही हीच गत. तालमींतले वस्ताद, धनगर, कुंभार अशांच्या घराण्यांतून ही विद्या बापाच्या हातून मुलाच्या हातांत गेली. ती कागदावर आलीच नाहीं.

आणि तरी ती कागदावर कधींच नव्हती असें नाहीं. सुश्रुतसंहितेंत भग्नांचा जो विचार आहे, तो आज वाचतांनाही मन थक्क होतें. सांधा निखळण्याचे सहा प्रकार व हाड मोडण्याचे बारा प्रकार तेथें वेगवेगळे सांगितले आहेत. उपचाराच्या क्रिया चार: ओढणें, दाबणें, जुळविणें आणि बांधणें. मोह, वड, पिंपळ, उंबर, पळस, अर्जुन यांच्या साली किंवा बांबूच्या कामट्या लावून पट्टी बांधावी. ती थंडींत सात दिवसांनीं, समशीतोष्ण ऋतूंत पांच दिवसांनीं व उन्हाळ्यांत तिसऱ्या दिवशीं सोडून पुन्हां बांधावी. मांडी किंवा पोटरीचें हाड मोडलें असतां रोग्यास फळीवर निजवून, खुंट्या मारून, तें अंग हलणार नाहीं अशी योजना करावी. तरुणाचें हाड एका महिन्यांत जुळतें, मध्यम वयाच्या माणसास दुप्पट व वृद्धास तिप्पट काळ लागतो. तळहाताचें हाड जुळल्यावर हातांत प्रथम मातीचा गोळा धरावा, मग मिठाचा खडा, आणि बळ आल्यावर दगड. अलीकडे रुग्णालयांतून रबराचा चेंडू दाबावयास देतात, त्याचा हा पूर्वज म्हणावयास हरकत नाहीं.

पण या सर्वांहून मोलाचें वाक्य निराळेंच आहे, आणि तें पट्टीच्या गांठीविषयींचें आहे. पट्टी सैल बांधली तर सांध्यास स्थैर्य येत नाहीं. फार घट्ट बांधली तर कातडी वगैरेंस सूज येते, ठणका लागतो आणि तो भाग पिकतो. म्हणून ती मध्यम बांधावी, असें सुश्रुत सांगतो. ही विद्या गांवोगांवच्या हातांत उतरली तेव्हां तींतील कामट्या उतरल्या, साली उतरल्या, लेपही उतरले. सुश्रुताचा हा इशारा मात्र पुष्कळ ठिकाणीं वाटेंत गळला. पालीच्या त्या वृद्धांपर्यंत तो पोंचला होता. माझ्या मामांचा हात ज्यांनीं बांधला त्यांच्यापर्यंत तो पोंचला नव्हता.

मामा तेव्हां नऊ वर्षांचे होते. आंब्यावरून पडून कोंपराच्या वरचें हाड मोडलें. तालुक्याचें रुग्णालय दूर, आणि हाडवैद्य शेजारच्या गांवचा, हात चालणारा म्हणून नांवाजलेला. त्यानें कामट्या लावून सुंभानें हात करकचून बांधला. मूल रात्रभर ओरडत होतें. हाड सांधूं लागलें म्हणजे दुखायचेंच, असें घरच्यांस सांगण्यांत आलें व त्यांनीं तें मानलें. तिसऱ्या दिवशीं बोटें थंड व निळसर दिसूं लागलीं. चौथ्या दिवशीं पट्टी सोडली तेव्हां उशीर झाला होता. हाड जुळलें, अगदीं सरळ जुळलें. पण बोटें पक्ष्याच्या नखांप्रमाणें आंत वळलीं तीं जन्मभर तशींच राहिलीं. मामा डाव्या हातानें लिहावयास शिकले व पुढें शाळेंत गणित शिकवीत. त्या माणसाविषयीं त्यांनीं कधीं वावगा शब्द काढल्याचें मला आठवत नाहीं.

या अवस्थेचें वर्णन रिचर्ड फोन फोल्कमन या जर्मन शस्त्रवैद्यानें १८८१ मध्यें केलें आणि तिला त्याचेंच नांव मिळालें. घट्ट बंधामुळें किंवा आंतील सुजेमुळें स्नायूंचा रक्तपुरवठा तुटतो, स्नायू मरतात आणि आखडतात. त्याची खूण कोणत्याही घरांत कळण्यासारखी आहे. पट्टी बांधल्यावर दुखणें कमी व्हावयास हवें. तें उलट वाढत गेलें, बोटें सरळ करतांना मूल किंचाळूं लागलें, बोटांस मुंग्या आल्या किंवा तीं गार पडलीं, तर हाड सांधत आहे असें समजूं नये. ती पट्टी तत्काळ सैल करून रोग्यास रुग्णालयांत न्यावें. येथें प्रश्न दिवसांचा नसून तासांचा असतो. ही पट्टी हाडवैद्याचीच असावी लागते असेंही नाहीं. रुग्णालयांतील प्लास्टरखालीं हेंच घडूं शकतें.

प्लास्टरची युक्ति मॅथायसेन नांवाच्या डच लष्करी वैद्यानें १८५२ च्या सुमारास काढली. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत या शास्त्राचें रूप पालटलें. कातडी फाडून हाड बाहेर आलें म्हणजे पाय तोडावा किंवा मरण पत्करावें, अशी स्थिति होती. लिस्टरनें १८६५ मध्यें ग्लासगो येथें एका अकरा वर्षांच्या मुलाची तशीच जखम कार्बॉलिक ॲसिडानें धुऊन पाय राखला. १८९५ मध्यें राँटगेनचे किरण आले आणि चाचपणाऱ्या बोटांचें काम डोळ्यांकडे गेलें.

परंतु मला या इतिहासांतील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट वाटते ती एका घराण्याची. इंग्लंडांतही हाडवैद्य होते, आणि पदवीधर डॉक्टर त्यांना तुच्छ लेखीत. वेल्समधील अँगलसी बेटावरच्या अशाच घराण्यांतील इव्हान टॉमस लिव्हरपुलास धंदा करी. डॉक्टरांनीं त्याला कोर्टाचे हेलपाटे घालावयास लाविले. त्यानें आपल्या पांचही मुलांना रीतसर डॉक्टर केलें. त्यांपैकीं ह्यू ओवेन टॉमस यानें दुखऱ्या पायास संपूर्ण विश्रांति मिळावी म्हणून लोखंडी चौकट तयार केली. पहिल्या महायुद्धांत त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स यानें तीच चौकट रणांगणावर नेली. मांडीचें हाड गोळीनें फुटलेल्या शिपायांपैकीं आधीं शेंकडा ८० दगावत, तें प्रमाण या चौकटीनें शेंकडा २० च्या आसपास आलें असें सांगतात. सर जेम्स पॅजेट या विख्यात शस्त्रवैद्यानें १८६७ सालींच आपल्या धंदेबंधूंस बजावलें होतें कीं, हाडवैद्यांच्या चुकांकडे बोट दाखवा, पण त्यांच्या हातीं जे रोगी बरे होतात ते कां होतात हेंही शिका. त्याच वर्षीं पुण्यास ससून रुग्णालय सुरू झालें. तेथील डॉक्टर आणि मावळांतील हाडवैद्य असे समोरासमोर बसले असते तर! आमच्याकडे तसें घडलें नाहीं. एकानें दुसऱ्यास अडाणी म्हटलें, दुसऱ्यानें पहिल्यास कापणारा म्हटलें, आणि मधल्या मधें रोगी फिरत राहिला. कांडवेल म्हणजे हाडसांधी या वनस्पतीची हाडें जुळण्याच्या कामीं परीक्षा बनारसच्या विद्यापीठांत झाली, तीही १९६० नंतर.

आतांपर्यंत मोडलेल्या हाडांविषयीं लिहिलें. न मोडतां दुखणाऱ्या सांध्यांची गोष्ट निराळी आहे, आणि घरांतल्या बोलण्यांत त्या सर्वांना 'वात' या एकाच शब्दांत बसविण्याची जी संवय आहे ती घातक आहे. प्राचीनांनीं तसें केलें नव्हतें. चरकानें वातरक्त निराळा सांगितला. माधवकरानें आमवाताचें स्वतंत्र प्रकरण लिहिलें. वयोमानानें सांध्यांतील कूर्चा झिजते, बसून उठतांना गुडघा धरतो, थोडें चाललें कीं सुटतो. येथें वजन कमी करणें व मांडीचे स्नायू बळकट करणें हाच पहिला उपचार होय, आणि तो कंटाळवाणा असल्यामुळें कोणी करीत नाहीं. झीज पराकोटीस गेली तर सांधा बदलतां येतो. चार्न्लीनें १९६२ मध्यें खुब्याचा कृत्रिम सांधा यशस्वी करून दाखविला, गुडघ्याचा त्यामागून आला. पुण्यांत अस्थिरोगांचें स्वतंत्र रुग्णालय डॉ. कांतिलाल संचेती यांनीं १९६५ मध्यें काढलें.

याउलट तरुण स्त्रीच्या दोन्ही हातांचीं बोटें सकाळीं तास-दीड तास ताठलेलीं राहत असतील, तर ती झीज नव्हे. हा आमवाताशीं मिळता रोग शरीराच्या संरक्षक शक्तीनें स्वतःच्याच सांध्यांवर केलेला हल्ला असतो. त्याचें वर्णन पॅरिसच्या एका वैद्यानें १८०० मध्यें केलें. पण त्याला खरा लगाम घालणारें औषध १९८० नंतरच सर्रास वापरांत आलें. तें आरंभींच दिलें तर बोटें वांकडीं होण्याचें पुष्कळ अंशीं टळतें. तेलाच्या बाटल्या रिकाम्या करण्यांत गेलेलीं दोन वर्षें परत मिळत नाहींत. आणि घरांतील म्हातारी न्हाणीघरांत पडून तिचा खुबा मोडला, तर 'आतां या वयांत शस्त्रक्रिया कशाला' असें म्हणून तिला अंथरुणावर ठेवणें म्हणजे बहुधा अंथरुणांतील व्रण व फुप्फुसाची सूज यांच्या स्वाधीन करणें होय. एक-दोन दिवसांत शस्त्रक्रिया झाली तर तिला लवकर उठवून बसवितां येतें, यासाठींच ती करावयाची.

राहिला तो सर्वांत भयंकर प्रकार. एकच सांधा एकाएकीं सुजतो, तापतो, हात लावूं देत नाहीं, आणि मागोमाग जोराचा ताप येतो. सांध्यांत पू झाल्याचें हें लक्षण असूं शकतें, आणि येथें लेप, शेक, चोळणें यांत दवडलेला प्रत्येक दिवस धोक्याचा.

या ठिकाणीं राजगडावरून रायगडाकडे वळणें भाग आहे. शिवाजी महाराज १६८० च्या चैत्रांत वारले तें कोणत्या दुखण्यानें, याविषयीं साधनांचें एकमत नाहीं. सभासद ज्वर म्हणतो. मुंबईच्या इंग्रजांनीं त्याच एप्रिलच्या २८ तारखेस सुरतेस लिहिलेल्या पत्रांत बारा दिवसांच्या रक्तातिसाराची बातमी आहे. १८२६ मध्यें मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध करणारा ग्रँट डफ मात्र सांगतो कीं, गुडघ्याच्या सांध्यास दुखरी सूज आली, ती वाढत गेली, तींतून जोराचा ताप भरला आणि सातव्या दिवशीं अंत झाला. इंग्रजांची बातमी समकालीन, पण दुरून ऐकलेली. सभासदाचा शब्द जवळचा, पण त्रोटक. ग्रँट डफ दीडशें वर्षांनंतरचा. यांतून निर्णय देण्याइतका पुरावा नाहीं, आणि ओढूनताणून तो देण्यांत अर्थही नाहीं. एवढें मात्र म्हणतां येईल कीं, ग्रँट डफनें दिलेला क्रम आजच्या कोणत्याही अस्थिवैद्यापुढें ठेविला, तर तो पहिली शंका सांध्यांतील पुवाचीच घेईल, सुई घालून तो काढील आणि जंतुनाशक औषध शिरेंतून सुरू करील. पेनिसिलिन हें अशा औषधांपैकींच एक. ऑक्सफर्ड येथें १९४१ च्या फेब्रुवारींत तें एका रोग्यास टोचलें गेलें, तेव्हां तो सुधारूं लागला, पण साठा संपला आणि तो गेला. १६८० सालीं लंडन-पॅरिसच्या राजवैद्यांपाशींही अशा गुडघ्यावर पोटीस, जळवा आणि शीर तोडणें यापलीकडे कांहीं नव्हतें. ग्रँट डफची हकीकत खरी धरली तरी रायगडावरील वैद्यांस बोल लावण्यास जागा नाहीं.