विद्यापीठाआधीची शाळा

विद्यापीठाच्या उंबरठ्यावर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याजवळ कोणती शिदोरी असावी? आज घरोघर ह्याचे उत्तर ठरलेले आहे : प्रश्नसंच सोडवावेत, चार पर्यायांतून एकावर खूण करावी. मात्र ‘हेच उत्तर का?’ असे विचारण्यास त्या धांदलीत सवड राहत नाही. अशा वेळी मुंबईच्या इतिहासातील एका पानाची आठवण होते.

मुंबई विद्यापीठ स्थापन झाले 1857 साली. त्याच्या नऊ वर्षे आधी, 1848 च्या जूनमध्ये, एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमधील तरुणांनी प्रा. पॅटन ह्यांच्या प्रोत्साहनाने ‘स्टूडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. बाळशास्त्री जांभेकरांना जाऊन तेव्हा दोनच वर्षे झाली होती. ‘दर्पण’ आणि ‘दिग्दर्शन’ ह्यांतून त्यांनी शास्त्रीय ज्ञानाची गोडी लावून ठेवली होती. नव्या सभेची रीत साधी होती. एका सभासदाने निबंध वाचावयाचा आणि इतरांनी त्यावर चर्चा करावयाची. वर्गात गुरूने सांगितलेले परत म्हणून दाखविले की भागते. येथे बरोबरीच्या मित्रांपुढे आपल्या मताची कारणे द्यावी लागत.

पुढे ह्या सभेच्या मराठी व गुजराती ज्ञानप्रसारक शाखा निघाल्या. मराठी शाखेचे नेतृत्व व्याकरणकार दादोबा पांडुरंगांकडे होते. इंग्रजीत शिकलेला विचार मातृभाषेत समजावून सांगणे ही त्या विचाराची दुसरी कसोटीच होय. पोपटपंची परभाषेत लपते, घरच्या भाषेत ती तत्काळ उघडी पडते.

तिसरी कसोटी अधिक कठीण होती. एका सभासदाने स्त्रीशिक्षणावर निबंध वाचला. प्रा. पॅटन ह्यांनी सभासदांना विचारले ते कृतीविषयी. ते आव्हान तरुणांनी स्वीकारले. 1849 साली सभेने मुलींच्या शाळा उघडल्या. सभासद स्वतः विनावेतन शिकवू लागले. दादाभाई नौरोजी त्यांत होते. मुलींना शाळेत पाठवा म्हणून ही मंडळी घरोघर फिरली. काही ठिकाणी स्वागत झाले, काही ठिकाणी अपमान पदरी पडला. सभागृहात टाळ्या मिळविणारा युक्तिवाद एखाद्या संतप्त पित्यापुढे टिकतो की नाही, हे त्यांना त्या दारांतच कळले.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. चिकित्सा म्हणजे नुसते दोषदर्शन नव्हे. दुसऱ्याच्या मताला छेद देणे सोपे असते. स्वतःच्या मताला तोच न्याय लावणे अवघड. ह्या तरुणांचे मोठेपण एवढेच, की त्यांनी आपल्या निबंधाचे ओझे आपल्याच खांद्यावर घेतले.

1859 साली मुंबई विद्यापीठाची पहिली प्रवेशपरीक्षा झाली. त्यात उत्तीर्ण झालेल्यांत महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर होते. विद्यापीठाने त्यांना पदव्या दिल्या. परंतु प्रश्न विचारण्याची हवा शहरात त्याआधीच खेळू लागली होती.

आजच्या शाळांनी फार काही करावयास नको. आठवड्यातून एक तास ठेवावा. एका विद्यार्थ्याने निबंध वाचावा, दुसऱ्याने त्यावर आक्षेप घ्यावा, आणि पहिल्याने तो आक्षेप प्रथम स्वतःच्या शब्दांत नीट मांडून मगच उत्तर द्यावे. गुरुजींनी त्या तासाला शक्य तितके गप्प बसावे. परीक्षेत ह्याला गुण मिळणार नाहीत. पण विद्यापीठात गेल्यावर, आणि त्याहून अधिक विद्यापीठातून बाहेर पडल्यावर, हीच शिदोरी पुरेल.