बधिर हातांची निगा

रोगांचा इतिहास लिहिला जातो तेव्हा औषधे शोधून काढणाऱ्यांची नावे ठळकपणे पुढे येतात आणि रोगी मात्र मागे राहतो. दीर्घकाळ सोबत करणाऱ्या रोगांच्या बाबतीत असा इतिहास अर्धाच म्हटला पाहिजे. अशा रोगात वैद्याची भेट कधीमधी घडते. उरलेल्या साऱ्या दिवसांत रोग्याला आपल्या देहाची राखण आपणच करावी लागते. ह्या दृष्टीने कुष्ठरोगाची हकिगत मोठी बोधप्रद आहे.

ह्या रोगावर आपल्या देशातला जुना व नामांकित उपाय म्हणजे तुवरकाचे तेल. सुश्रुतसंहितेत त्याचा उल्लेख आढळतो. पश्चिम घाटात ओढ्यांच्या काठी वाढणाऱ्या ज्या झाडाला मराठीत कडू कवठ म्हणतात, त्याच्या बियांचे हे तेल होय. त्याच कुळातील दुसऱ्या एका झाडाचे तेल पूर्वेकडे चालमोगरा ह्या नावाने प्रसिद्ध होते. 1854 साली कलकत्त्याचे डॉक्टर फ्रेडरिक जॉन मौआट यांनी त्याची माहिती पाश्चात्त्य वैद्यकास करून दिली आणि पुढे जगभरच्या कुष्ठधामांत हेच तेल वापरात आले. परंतु ते घेणे ही एक शिक्षाच होती. पोटात घेतले तर उलटी होई. सुईने टोचले तर दाट तेल अंगात विरत नसे आणि गाठी येत. 1915 साली हवाई बेटांतील होनोलुलू येथे ॲलिस बॉल ह्या तरुण रसायनशास्त्रज्ञ स्त्रीने त्या तेलापासून टोचता येण्याजोगे पातळ औषध तयार केले. दुसऱ्याच वर्षी, वयाच्या अवघ्या 24 व्या वर्षी तिचे निधन झाले आणि तिच्या कामाचे श्रेय बराच काळ दुसऱ्यालाच मिळत राहिले.

त्याच हवाई बेटांत, ॲलिस बॉलच्या आधी एक पिढी, दुसरा एक उपचार आजमावला गेला होता. बेल्जियममधून आलेले फादर दामियन 1873 पासून मोलोकाई बेटावरील कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत सेवा करीत होते. ह्याच वर्षी नॉर्वेत डॉक्टर हान्सेन यांनी ह्या रोगाचे जंतू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले, हा एक योगायोगच. 1884 च्या डिसेंबरात फादर दामियन यांनी थकलेले पाय गरम पाण्यात बुडविले. पाणी कढत होते, कातडीवर फोड आले. परंतु त्यांना काहीच जाणवले नाही. आपणांसही रोग जडल्याची खूण त्यांना अशी पटली. 1886 साली होनोलुलूस जाऊन त्यांनी मसानाओ गोटो ह्या जपानी डॉक्टरांचा उपचार घेतला. औषधी द्रव्ये घातलेल्या गरम पाण्याने स्नान, गोळ्या आणि काढा असा तो क्रम होता. त्यांना काही काळ हुशारी वाटली आणि त्यांनी हा उपचार मोलोकाईतही सुरू केला. परंतु रोग हटला नाही. 15 एप्रिल 1889 रोजी, वयाच्या 49 व्या वर्षी त्यांचे देहावसान झाले.

तेल आणि स्नान ह्यांची ही हकिगत निव्वळ अपयशाची म्हणावी काय? जंतू मारण्याच्या कामी ती दोन्ही हरली, हे खरे. 1941 साली अमेरिकेत लुइझियाना संस्थानातील कारव्हिल येथे डॉक्टर गाय फॅजेट यांनी प्रोमिन हे औषध वापरले आणि रोग प्रथमच खऱ्या अर्थाने आटोक्यात येऊ लागला. काही वर्षांतच डॅप्सोनच्या स्वस्त गोळ्या निघाल्या. जंतू डॅप्सोनला दाद देईनासे झाले तेव्हा 1982 साली जागतिक आरोग्य संघटनेने एकाहून अधिक औषधे एकत्र देण्याची पद्धत सुचविली. तुवरकाच्या तेलाची गरज संपली.

पण एक कोडे उरलेच. औषधाने जंतू मेले, तरी रोग्यांची बोटे झिजत आणि तळव्यांना पुन्हा पुन्हा व्रण पडत. हे कसे?

ह्या कोड्याचा उलगडा आपल्याच देशात झाला. तमिळनाडूतील कोल्ली डोंगरात 1914 साली जन्मलेले शस्त्रवैद्य पॉल ब्रँड 1946 साली वेल्लोरच्या ख्रिश्चन वैद्यकीय महाविद्यालयात रुजू झाले. कुष्ठरोगाने मांस सडते आणि बोटे गळून पडतात, असे तेव्हा डॉक्टरही मानीत. एकदा गंजलेल्या कुलपात किल्ली फिरेना, म्हणून ब्रँड खटपट करीत होते. एका रोगी मुलाने पुढे होऊन ती सहज फिरविली. त्याच्या बोटातून रक्त ठिबकू लागले तेव्हा ब्रँड यांनी पाहिले, तो बोट हाडापर्यंत कापले गेले होते. आणि मुलाला त्याचा पत्ताही नव्हता. ब्रँड यांच्या ध्यानात आले, की बोटे आपोआप सडत नाहीत. मज्जातंतू बधिर झाल्यामुळे वेदना नाहीशी होते आणि वेदनेचा पहारा उठला की रोजची साधी कामेच हातापायांचा घात करतात.

वेल्लोर येथे त्यांनी वाकड्या बोटांवर शस्त्रक्रिया करून हात पुन्हा कामाजोगे केले. परंतु दुरुस्त झालेला हात बधिरच असे. तो टिकविण्याचे काम रोग्यांनीच अंगावर घेतले. प्रत्येक नव्या जखमेचे कारण शोधून काढण्याचा तेथे परिपाठ पडला. कोणी तापलेले भांडे उघड्या हाताने उचललेले असे, तर कोणाच्या हातोडीचा दांडा खरबरीत असे. काहींच्या बोटांना रात्रीतून जखमा होत, त्याचे कारण कळेना. शेवटी आढळून आले, की झोपेत उंदीर बोटे कुरतडीत आणि माणसाला जाग येत नसे. तेव्हापासून घरी परतणाऱ्या रोग्याला सोबत मांजर देण्याची प्रथा पडली.

अशा शोधांतूनच निगेचे नियम तयार झाले. पाणी किती कढत आहे ते बधिर हाताने न पाहता कोपराने पाहावे. चुलीवरचे भांडे सांडशीने उतरावे. खुरप्याच्या मुठीला चिंध्या गुंडाळाव्या. बिडी बोटांत धरून विसरू नये. डोळ्यांची पापणी मिटत नसेल तर वरचेवर डोळे मिटण्याचा सराव करावा आणि रात्री डोळे झाकून निजावे. मऊ रबराचा तळ असलेली, खिळे नसलेली चप्पल घातल्यावाचून पाऊल टाकू नये. दिवस मावळताना हात व तळवे नीट तपासावे; तळवा दिसत नसेल तर आरसा घ्यावा. वेदना जे काम न सांगता करीत असे, ते आता डोळ्यांनी रोज करावयाचे, एवढेच ह्या नियमांचे सार.

आणि येथेच ते हरलेले तेल व पाणी पुन्हा परत आले. बधिर कातडी घाम सुटत नसल्यामुळे कोरडी पडते आणि भेगाळते. भेगांतून व्रण होतात. म्हणून हातपाय रोज सुमारे वीस मिनिटे साध्या, गार पाण्यात भिजवावे, घट्टे वजरीने हलकेच घासावे आणि ओल्या कातडीवर तेल लावावे, असा नियम झाला. त्यासाठी तुवरकाचे तेल लागत नाही, खोबरेल चालते. रोग घालविण्याची शेखी सोडून दिल्यावर ह्या घरगुती उपचारांना आपले खरे स्थान मिळाले.

महाराष्ट्रात ह्या सेवेची परंपरा मोठी आहे. 1936 साली मनोहर दिवाण यांनी वर्ध्याजवळ दत्तपूर येथे कुष्ठरोग्यांची सेवा सुरू केली. सेवाग्रामात संस्कृत पंडित परचुरे शास्त्री यांना हा रोग जडला होता, तेव्हा महात्मा गांधी स्वतः त्यांचे अंग चोळीत. लोक ज्याला शिवत नसत त्याच्या अंगावर फिरलेला तो हात जंतू मारीत नव्हता. परंतु माणसाला जगण्याचा धीर देत होता. पुढे बाबा आमटे यांनी वरोड्यानजीक आनंदवन उभारले आणि रोगमुक्त माणसांच्या हातांना शेती व उद्योग दिले.

भारतात 2005 च्या अखेरीस ह्या रोगाचे प्रमाण दर दहा हजारांमागे एका रुग्णाहून खाली आले. तरीही दरवर्षी सुमारे एक लाख नवे रुग्ण आढळतात. कातडीवरील फिकट अथवा तांबूस चट्टा बधिर असेल, तर सरकारी दवाखान्यात तपासून घ्यावा. सहा महिने किंवा एक वर्ष घ्यावयाचे औषध तेथे विनामूल्य मिळते. वेल्लोरच्या रोग्यांनी घालून दिलेला धडा तर आता कुष्ठरोगापुरता राहिलेला नाही. मधुमेहातही पाय बधिर होतात आणि न कळलेल्या लहानशा जखमेपायी पाय गमवावा लागतो. औषध वेळेवर घ्यावे, हे तर खरेच. पण संध्याकाळी दिव्याजवळ बसून तळवे पाहण्याची पाच मिनिटेही त्याच औषधाचा भाग समजावी.