कोकोला सावली देणारे केळे आणि आक्राचे केलेवेले

पश्चिम आफ्रिकेतील घाना देशाची राजधानी आक्रा येथे दिवेलागणीनंतर रस्त्याच्या कडेला जे पदार्थ तळले जातात, त्यांत केलेवेले विशेष लोकप्रिय आहे. पिकलेल्या केळ्याच्या लहान फोडींना आले, मिरची, मीठ व लवंग यांचे वाटण चोळून त्या तेलात तळल्या की केलेवेले तयार होते, आणि हे नाव आक्राच्या किनाऱ्यावरील मूळ रहिवासी असलेल्या गा समाजाच्या भाषेतले आहे. येथे अभिप्रेत असलेले केळे सोलून खाण्याचे नसून पिठूळ गराचे, शिजवून वा तळून खाण्याचे लांबट केळे होय. वसईत ज्याची सुकेळी करतात ते राजेळी केळे याच्याच जातकुळीतले.

मिरची दिसली की सारा पदार्थ पोर्तुगिजांच्या खाती जमा करण्याचा मोह होतो, परंतु केळ्याच्या बाबतीत तो टिकत नाही. न्यू गिनीच्या परिसरात सुमारे 7000 वर्षांपूर्वी लागवडीखाली आलेली केळी हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेत पोहोचली ती पोर्तुगिजांच्या कितीतरी आधी. कामेरूनमधील न्कांग येथे सापडलेले केळीचे सूक्ष्मावशेष, म्हणजे पान कुजून गेल्यावरही मातीत टिकून राहणारे सिलिकाचे कण, 2000 वर्षांहून जुने मानले जातात; या कालनिर्णयावर अभ्यासकांत वाद असला, तरी मध्य व पश्चिम आफ्रिकेच्या पर्जन्यवनांत या केळ्याचे शंभराहून अधिक वाण आढळावेत, हे दीर्घ सहवासाशिवाय घडणारे नव्हे.

मिरचीची गोष्ट मात्र निराळी आहे. पोर्तुगीज 1471 मध्ये या किनाऱ्यावर आले, 1482 मध्ये त्यांनी एल्मिना येथे किल्ला बांधला, आणि अमेरिकेतून निघालेली मिरची पुढच्या शतकात त्यांच्याच व्यापारमार्गांनी येथे रुजली, जशी ती त्यांनी 1510 मध्ये जिंकलेल्या गोव्यातही रुजली. त्यापूर्वी येथील जेवणाला तिखटपणा होता तो मेलेगेता मिरीचा. आल्याच्या कुळातील या वनस्पतीचे बारीक तिखट दाणे पोर्तुगिजांनी भारताचा सागरी मार्ग सापडण्यापूर्वीच युरोपच्या बाजारात नेऊन विकले होते.

तरीही जिन्नस एका किनाऱ्यावर जमले म्हणून पदार्थ घडत नाही. त्याला स्वस्त माल लागतो आणि गिऱ्हाईकही लागते. केलेवेलेच्या बाबतीत या दोन्हींचा उगम पोर्तुगीज जहाजांपेक्षा कोकोच्या मळ्यांत शोधणे अधिक सयुक्तिक ठरेल. तेत्ते क्वार्शी या गा कारागिराने 1879 मध्ये फर्नांदो पो बेटावरून कोकोचे बी आणून आकुआपेमच्या डोंगराळ भागात लावले, असे परंपरेने सांगितले जाते. पुढे 1911 च्या सुमारास गोल्ड कोस्ट, म्हणजे ब्रिटिश अमलाखालील आजचा घाना, जगातील सर्वांत मोठा कोको उत्पादक झाला. कोकोच्या रोपाला पहिली काही वर्षे ऊन सोसत नाही, म्हणून शेतकरी जंगल तोडलेल्या जागेत आधी केळी लावतो, तिच्या सावलीत कोको वाढवतो आणि कोको फळाला येईपर्यंत केळ्यावर पोट भरून उरलेले घड विकतो. कोकोसाठी जितके रान मोकळे होत गेले तितके केळेही वाढले, आणि कोको बंदराकडे नेण्यासाठी झालेल्या रस्त्यांवरून व 1923 मध्ये आक्रा ते कुमासी पूर्ण झालेल्या रेल्वेमार्गावरून शेतमालाला शहराची वाट सुकर झाली. आक्रा 1877 पासून वसाहतीची राजधानी होती, तेथे कारकून, हमाल आणि मजूर यांची गर्दी वाढत होती, आणि घरी चूल नसलेल्या या माणसांना संध्याकाळी काहीतरी गरम व स्वस्त हवे असे.

ही गरज भागवली बायकांनी. गा समाजात पुरुषाने मासे धरायचे आणि बाईने ते धुरावून विकायचे, अशी कामाची जुनी वाटणी असल्याने बाजार हे स्त्रियांचेच क्षेत्र होते. केळे टिकाऊ नसते. घड एकदा पिकू लागला की चार दिवसांत साल काळवंडते. केलेवेलेला नेमके असेच, सालीवर काळे डाग पडलेले पण गर अजून घट्ट असलेले केळे लागते, कारण कच्चे केळे तळल्यावर कोरडे राहते आणि फार पिकलेले तेल पिऊन लगदा होते. सोललेल्या केळ्याच्या तिरक्या फोडी करायच्या, आतून खडबडीत असलेल्या मातीच्या वाडग्यात लाकडी बत्त्याने मसाला रगडायचा, त्यात पाण्याचा हबका मारून फोडी घोळवायच्या आणि कडकडीत तेलात सोडायच्या: केळ्यातील साखर जळायच्या बेतात आली की कडा काळपट व कुरकुरीत होतात, आत गर मऊ राहतो, आणि झारा फिरवणारीची सारी परीक्षा त्या घटकाभरातच होते. भाजलेल्या शेंगदाण्यांसह ही पुडी कागदात बांधून दिली जाते. चवळीच्या उसळीबरोबर मात्र बिनमसाल्याचे तळलेले केळे वाढतात.

शेजारच्या आयव्हरी कोस्टमधील आलोको आणि नायजेरियातील दोदो हीदेखील तळलेली पिकली केळीच, पण तळण्याआधी मसाल्यात मुरवण्याची पद्धत ही केलेवेलेची स्वतःची खूण आहे. जायफळासारख्या वासाचे वेदिए आबा आणि काळ्या शेंगांचे ह्वेंतिया हे या वाटणातील अस्सल आफ्रिकी मसाले. लंडन वा न्यूयॉर्कमधील घानाई घरांत ते सहजी मिळत नाहीत, तेव्हा त्यांच्या जागी साधे जायफळ येते किंवा ते सरळ वगळले जातात, मात्र आशियातून आलेले आले आणि अमेरिकेतून आलेली मिरची यांच्याशिवाय केलेवेले करायला कोणी धजत नाही.